शांत पाण्यातले गणित

२५ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री 'रॉयल चार्टर' नावाचे जहाज वेल्समधल्या अँगलसी बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ वादळात सापडले. मेलबर्नहून निघून त्याला दोन महिने झाले होते. लिव्हरपूल बंदर आता काही तासांवर होते. जहाजात ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर कमाई करून परतणारे प्रवासी होते आणि बरोबर त्यांचे सोनेही होते. वारा फिरत फिरत ईशान्येला आला, म्हणजे जहाजाला थेट किनाऱ्याकडे ढकलू लागला. कप्तानाने दोन्ही नांगर टाकले. मध्यरात्रीनंतर एका नांगराची साखळी तुटली आणि तासाभराने दुसरीही. वाऱ्याला अंग कमी मिळावे म्हणून डोलकाठ्या तोडल्या गेल्या. शेवटी आधार उरला तो एका वाफेच्या इंजिनाचा. ते अखेरपर्यंत चालू होते, पण जहाजाला किनाऱ्यापासून दूर धरण्याइतके बळ त्यात नव्हते. पहाटे मोएल्फ्र गावाजवळच्या खडकांवर जहाज फुटले. सुमारे ४५० माणसे गेली. वाचलेल्या जेमतेम चाळीस जणांत एकही स्त्री किंवा मूल नव्हते.

हे जहाज जुनेपुराणे नव्हते. १८५५ साली बांधलेले, लोखंडी सांगाड्याचे, सुमारे २,७०० टनांचे ते जहाज त्या काळी आधुनिक मानले जाई. त्याचे इंजिन तेवढे लहान होते. त्या वेळच्या मापाने २०० अश्वशक्तीचे. लहान ठेवण्यामागे हिशेब होता. जहाज चालायचे शिडांवर. वारा पडला तरच इंजिन लावायचे. मोठे इंजिन घ्यायचे तर कोळसा जास्त आणि तो साठवायला जागा जास्त, म्हणजे माल आणि प्रवासी कमी. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एवढ्या लांब पल्ल्यावर हा हिशेब अगदी बरोबर होता. वर्षातले बहुतेक सगळे दिवस तो बरोबरच राहिला असता.

जहाजांच्या कार्बन-उत्सर्जनाविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम मी गेली काही वर्षे वाचतो आहे. मी दर्यावर्दी नाही आणि जहाजबांधणीचे शिक्षणही घेतलेले नाही; ठराव, परिपत्रके आणि अपघातांचे चौकशी अहवाल मिळतील तसे वाचत, आकडेमोड वहीत करून पाहत हा विषय समजून घेतला. या वाचनात 'रॉयल चार्टर'ची गोष्ट मला पुन:पुन्हा आठवत राहिली. इंधन वाचवण्यासाठी इंजिन किती लहान करावे आणि वादळात निभाव लागण्यासाठी ते किती मोठे असावे, हा १८५९ सालचा प्रश्न २०११ नंतर लंडनच्या एका सभागृहात नव्या भाषेत उभा राहिला. त्याची ही हकिगत.

मेणाच्या जहाजांची टाकी

'रॉयल चार्टर'च्या दुर्घटनेनंतर ब्रिटनने जो उपाय केला तो इंजिनाचा नव्हता, बातमीचा होता. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय तेव्हा सरकारच्या हवामान खात्याचा प्रमुख होता. त्याने तारायंत्राच्या साहाय्याने बंदरांना वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था १८६१ साली सुरू केली. वादळ येणार हे आधी कळले तर जहाज बंदरातच थांबेल, हा त्यामागचा साधा विचार होता. आजचे हवामान अंदाज त्याच वाटेने वाढले. पण जे जहाज आधीच समुद्रात आहे, त्याच्या बळाचा प्रश्न तसाच राहिला.

जहाजाला किती बळ लागते हे शास्त्रशुद्ध मोजण्याचे काम विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने केले. लाटांवर जहाज कसे डोलते यावर त्याने १८६१ सालीच निबंध वाचला होता. पुढे टॉर्की गावात, आपल्या घराजवळ, त्याने नौदलाच्या मदतीने एक लांब टाकी बांधली. १८७२ च्या सुमारास तिथे मेणाची लहान जहाजे ओढून पाण्याचा विरोध मोजला जाऊ लागला. लहान नमुन्यावरून मोठ्या जहाजाचा विरोध कसा काढायचा याची त्याने घालून दिलेली रीत आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पायाभूत आहे.

त्या टाकीतले पाणी शांत असे. तसे असणे भागच होते. मापन नेमके हवे तर आधी एकच गोष्ट मोजावी लागते. मात्र त्यातून एक शिरस्ता पडला. जहाजाचा वेग सांगायचा तो शांत पाण्यातला. नवे जहाज ताब्यात घेण्याआधी त्याची चाचणी घ्यायची तीही शक्यतो शांत हवेत, आणि वारा-लाट असलीच तर तिचा परिणाम हिशेबातून वजा करून. मग खऱ्या समुद्राचे काय? त्यासाठी जहाजबांधणीत एक व्यवहारी तोड निघाली. शांत पाण्यात जेवढी शक्ती लागेल तिच्यावर साधारण १५ टक्के वाढवून इंजिन निवडायचे. या वाढाव्याला 'समुद्राचा राखीव वाटा' म्हणता येईल. तो ठेवा असे कायदा सांगत नव्हता. मालकाचे शहाणपण, बांधणाऱ्याचा अनुभव आणि विमेवाल्याची नजर यांच्या जोरावर ती रीत टिकून होती.

घनाचे गणित

राखीव शक्ती महाग का पडते, हे समजायला एकच नियम पुरे. शांत पाण्यात जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. १५ नॉटऐवजी १२ नॉटने गेले तर जवळपास निम्म्या शक्तीत काम होते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तरी एकूण इंधन बरेच वाचते. २००८ च्या मंदीनंतर जगभरच्या जहाज कंपन्यांनी वेग उतरवले ते याच गणिताने. मग सुधारणेची सर्वांत सोपी वाट कोणती, हे कुणालाही सांगता येईल. लहान इंजिन बसवा आणि हळू चला.

२००७ साली आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीतून सुमारे ८७ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. हे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या २.७ टक्के होते. १९९७ च्या क्योटो कराराने हा विषय देशादेशांत वाटून न देता आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला होता. तिचे मुख्यालय लंडनमध्ये आहे. बऱ्याच वादानंतर जुलै २०११ मध्ये तिच्या सागरी पर्यावरण समितीने नव्या जहाजांसाठी ऊर्जा-कार्यक्षमतेचा निर्देशांक सक्तीचा केला. अशा ठिकाणी निर्णय बहुधा सहमतीने होतात. हा मात्र मतदानाने झाला. १ जानेवारी २०१३ पासून तो लागू झाला.

निर्देशांकाची कल्पना सोपी आहे. एक टन माल एक सागरी मैल नेताना जहाज किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते, ते काढायचे. वर इंजिनाची शक्ती आणि इंधनाचा खप, खाली मालाची क्षमता आणि वेग. आधीच्या दशकात बांधलेल्या जहाजांच्या आकड्यांवरून प्रत्येक प्रकारासाठी एक पायारेषा ठरवली गेली. तिच्यापेक्षा २०१५ पासून १० टक्के, २०२० पासून २० टक्के आणि २०२५ पासून ३० टक्के खाली यायचे, अशा पायऱ्या बहुतेक मालवाहू जहाजांसाठी आखल्या गेल्या. काही प्रकारांसाठी शेवटची पायरी नंतर २०२२ वर आणली गेली. धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल नेणारे ८०,००० टन क्षमतेचे जहाज घेतले, तर पायारेषेचा आकडा येतो सुमारे ४.४ ग्रॅम. तीस टक्के वजा केले की ३.१ ग्रॅम. ट्रकने किंवा रेल्वेने एवढ्या कमी उत्सर्जनात कुणी माल नेऊ शकत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.

या सूत्रात एक अक्षर आहे, 'एफ-डब्ल्यू'. वारा आणि लाटांमुळे जहाजाचा वेग किती घटतो ते दाखवणारा हा गुणक. म्हणजे खवळलेल्या समुद्राची आठवण सूत्र करणाऱ्यांनी ठेवली होती. पण सक्तीचा निर्देशांक काढताना या गुणकाची किंमत एक धरावी, असे त्याच नियमावलीत सांगितले आहे. एकने गुणले की काही बदलत नाही. ज्या जहाजाला कायदा पास किंवा नापास करतो ते जहाज कागदावर कायम शांत पाण्यातच चालत असते.

यात लबाडी नव्हती. दोन जहाजांची तुलना करायची तर सर्वांना सारखी परिस्थिती हवी, आणि शांत पाणी हीच सर्वांना मान्य होईल अशी परिस्थिती होती. पण परिणाम गंभीर होता. निर्देशांकात इंजिनाची शक्ती धरली जाते ती त्याच्या कमाल शक्तीच्या ७५ टक्के. त्यामुळे मोठे इंजिन बसवले, ते वर्षातून दोनच दिवस पूर्ण चालवले, तरी आकडा वर्षभर वाढलेलाच दिसतो. जो राखीव वाटा शंभर वर्षे शहाणपण समजला जात होता, तोच आता दोष ठरू लागला.

वादळात इंजिन काय करते

किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला वाटते, वादळात जहाजाने गती कमी करावी, एवढेच. ते खरे आहे, पण अर्धेच. जहाजाची नाळ लाटांना सामोरी ठेवायची तर सुकाणूवरून पाणी वाहत राहिले पाहिजे, आणि ते वाहते जहाज पुढे सरकत असेल तर किंवा पंखा पाणी ढकलत असेल तर. पुढे सरकणे थांबले की सुकाणू निकामी होते आणि जहाज हळूहळू आडवे होऊन लाटा कुशीवर घेऊ लागते. शिवाय मोठ्या जहाजांचे डिझेल इंजिन पंख्याला थेट जोडलेले असते. लाटांच्या माऱ्याने जहाज मंदावले की पंखा जड होतो, इंजिनाचे फेरे उतरतात, आणि फेरे उतरले की त्याला पूर्ण शक्ती देताच येत नाही. सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा हाती असते ती शक्ती कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी.

रिकामे जहाज तर आणखी अवघड. ते पाण्यावर उंच तरंगते, वाऱ्याला भिंतीसारखे अंग देते आणि पंखा अर्धवट पाण्याबाहेर येतो. ८ जून २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराबाहेर 'पाशा बल्कर' हे २२५ मीटर लांबीचे, एक वर्ष वयाचे जहाज कोळसा भरण्यासाठी रिकामे थांबले होते. वादळात नांगर घसरला. उशिरा तो उचलून जहाज खुल्या समुद्राकडे निघाले, पण वाऱ्याने त्याला वळू दिले नाही आणि ते नॉबीज नावाच्या पुळणीवर चढले. सर्व खलाशी हेलिकॉप्टरने वाचवले गेले. जहाज जुलैच्या सुरुवातीला सुटले. चौकशीत मुख्य बोट ठेवले गेले ते कप्तानाच्या उशिराच्या निर्णयावर आणि जहाजाच्या पोटात वादळी हवेसाठी जादा पाणी न घेतल्यावर. आणि हे जहाज नव्या नियमांच्या आधीचे होते, हेही लक्षात घ्यावे. मी ते उदाहरण घेतो ते एवढ्यासाठी की 'रॉयल चार्टर'नंतर दीडशे वर्षांनी, हवामानाचा इशारा हाती असताना, शिडे नसलेल्या यांत्रिक जहाजासमोरही तोच प्रसंग आला. वारा किनाऱ्याकडे, नांगर सुटलेला आणि भिस्त इंजिनावर.

'अंतरिम' आठ वर्षे

धोका ओळखला गेला नव्हता असे नाही. २०११ च्या नियमातच एक वाक्य घातले गेले होते, की प्रतिकूल हवामानात जहाज ताब्यात ठेवण्यासाठी लागणाऱ्या शक्तीपेक्षा बसवलेली शक्ती कमी असता कामा नये. सागरी कायद्यात हे वाक्य नवे होते. जहाज किती भरावे याची मर्यादा एकोणिसाव्या शतकात सॅम्युअल प्लिमसोलच्या लढ्यामुळे कायद्यात आली. इंजिन किमान किती असावे हे मात्र मालकावर सोडलेले होते. नियमाने एका हाताने इंजिन लहान करायला सांगितले, आणि म्हणूनच दुसऱ्या हाताने त्याला तळ घालून द्यावा लागला.

पण 'प्रतिकूल हवामान' म्हणजे किती? इथून खरी ओढाताण सुरू झाली. २०१३ साली तेलवाहू आणि सुटा माल नेणाऱ्या, २०,००० टनांवरच्या जहाजांसाठी अंतरिम मार्गदर्शक सूचना निघाल्या. पहिली कसोटी सरळ होती: जहाजाच्या क्षमतेवरून किमान शक्तीची एक रेषा. २०१५ च्या सुधारणेनंतर आपल्या उदाहरणातल्या ८०,००० टनी जहाजाला ही रेषा सुमारे ९,४८० किलोवॉट सांगते. त्यात न बसणाऱ्यांसाठी दुसरी कसोटी: ठरावीक वाऱ्यात आणि लाटेत, समोरून मारा होत असताना, जहाजाला किमान ४ नॉटने पुढे जाता येते हे गणिताने दाखवायचे. २०० मीटरपेक्षा लहान जहाजासाठी लाट ४ मीटर आणि वारा सेकंदाला १५.७ मीटर, २५० मीटरपेक्षा मोठ्यासाठी ५.५ मीटर आणि १९ मीटर.

टीका दोन्ही बाजूंनी झाली. जहाज ओळखणारे म्हणत, एवढी लाट हे वादळच नव्हे. बांधणारे म्हणत, कसोटी कडक केली तर निर्देशांकाची पुढची पायरी गाठणे अशक्य होईल. युरोपात 'शोपेरा' नावाचा मोठा संशोधन प्रकल्प २०१३ ते २०१६ या काळात चालला; जपानी संशोधकांनीही समांतर काम केले. टाक्यांमध्ये लाटा उठवून नमुन्यांची जहाजे तपासली गेली. शांत पाण्यातल्या मोजणीला आपण इतके सरावलो होतो, की वळणाऱ्या, डोलणाऱ्या, लाटा खाणाऱ्या जहाजाला किती बळ लागते याची भरवशाची आकडेवारी मुळातच तोकडी होती. दरम्यान अंतरिम सूचनांना एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात मुदतवाढ मिळत राहिली.

जून २०२१ मध्ये सुधारित सूचना आल्या. त्यांतले आकडे मी जुन्या आकड्यांशेजारी मांडून पाहिले. लहान जहाजांसाठी लाट ४ वरून ४.५ मीटर आणि वारा १९ मीटर. मोठ्यांसाठी लाट ६ मीटर आणि वारा २२.६ मीटर, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर. हवामान खरे वाटावे इतके वाढले. पण त्या हवामानात दाखवायचा वेग ४ नॉटवरून २ नॉटवर आला. ही तडजोड आहे, आणि ती उघड आहे. दोन नॉट म्हणजे ताशी पावणेचार किलोमीटर, निवांत चालणाऱ्या माणसाचा वेग. त्यामागचा युक्तिवाद असा की वादळात जहाजाने कुठे पोहोचायचे नसते. नाळ लाटेला धरून जागा सोडायची नाही, एवढे जमले तरी ते वाचते. हा युक्तिवाद मला पटतो. मात्र त्यात चुकीला जागा फार थोडी उरते. कप्तानाने वेळेवर निघणे, पोटात पुरेसे पाणी घेणे, नांगराच्या भरवशावर न राहणे, हे सगळे पूर्वी चांगल्या दर्यावर्दीपणाचे लक्षण होते. आता ते गणिताचे गृहीतक झाले आहे.

किल्ली कोणाच्या हाती

२०२३ पासून जुन्या जहाजांनाही असाच निर्देशांक लागू झाला. बांधून झालेल्या जहाजाचे इंजिन बदलणे परवडत नाही. मग सर्वांत स्वस्त उपाय निघाला: आहे त्या इंजिनाच्या शक्तीला वरून टोपण घालायचे. यंत्राला सील करायचे किंवा संगणकाने मर्यादा घालायची. मोठे इंजिन पोटात तसेच, फक्त त्याचा वरचा भाग कुलपात.

या व्यवस्थेचे नियम २०२१ सालीच तयार झाले, आणि माझ्या मते या सगळ्या कागदपत्रांतला सर्वांत मोलाचा भाग त्यांत आहे. जहाजाच्या सुरक्षिततेसाठी किंवा समुद्रात जीव वाचवण्यासाठी कप्तानाला कुलूप काढून राखीव शक्ती वापरता येते. ती का वापरली, केव्हा वापरली, हवा कशी होती, याची नोंद ठेवायची आणि ध्वजराष्ट्राच्या प्रशासनाला कळवायचे. समुद्रावरील जीवितरक्षणाच्या करारात आधीपासून तरतूद आहेच, की सुरक्षिततेसाठी कप्तानाने घेतलेल्या निर्णयाच्या आड मालकाने किंवा भाड्याने जहाज घेणाऱ्याने येऊ नये. शंभर वर्षे मालकाच्या मर्जीवर असलेला राखीव वाटा इथे पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत आला. तो नाव-गाव असलेली गोष्ट झाला.

हा मार्ग नव्या जहाजांनाही अधिक मोकळा व्हावा, असे मला वाटते. इंजिन पुरेसे मोठे असावे, रोजच्या प्रवासात ते मर्यादेत बांधलेले असावे आणि संकटात ते सोडवण्याचा अधिकार कप्तानाला असावा. पण अधिकार कागदावर असणे वेगळे. कुलूप काढले की खुलासा लिहावा लागतो, आणि खुलाशाच्या धास्तीने माणूस अर्धा तास थांबतो. 'पाशा बल्कर'च्या बाबतीत तसल्या थांबण्याचीच किंमत मोजावी लागली. त्यामुळे नोंद मागणाऱ्या कार्यालयांनी ती नोंद शिस्तीचा बडगा म्हणून न वापरता पुढच्या नियमासाठी माहिती म्हणून वापरली, तरच ही तरतूद जिवंत राहील. फ्रूडच्या टाकीत जे मोजता येत नव्हते ते अशा नोंदींतून साठेल.

आपला किनारा

कोकणात या प्रश्नाचे जुने उत्तर होते ते म्हणजे जायचेच नाही. नैर्ऋत्येचा पाऊसवारा आपल्या किनाऱ्याकडेच ढकलतो. चार महिने सगळा किनारा 'रॉयल चार्टर'च्या त्या रात्रीसारखा असतो. म्हणून गलबते आणि मचवे ओढून, शाकारून ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्राची वाट धरायची. यंत्राने ही सुट्टी संपवली. आज मुंबई आणि न्हावाशेवाची बंदरे जुलैतही चालतात ती जहाजांच्या पोटातल्या राखीव शक्तीवर.

ती शक्ती नसली की काय होते, तेही याच किनाऱ्याने पाहिले. जून २०११ मध्ये भंगारासाठी ओढून नेले जात असलेले 'विस्डम' जहाज दोर तुटून जुहूच्या वाळूत येऊन बसले. त्याच पावसाळ्यात खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' भरकटत तिथेच आले. ही दोन्ही माणसांविना होती, म्हणून ती बघ्यांच्या गर्दीपुरती बातमी ठरली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात बॉम्बे हायजवळची 'पी-३०५' ही निवासी तराफा-नौका मात्र २६१ माणसांसह होती. तिला स्वतःचे इंजिन नव्हते. नांगर सुटले, ती भरकटत एका तेल-फलाटावर आदळली आणि बुडाली. कित्येक घरांतली कर्ती माणसे परत आली नाहीत.

तौक्तेसारखी वादळे अरबी समुद्रात वाढत आहेत आणि त्यामागे तापणारे पाणी आहे, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणून मी या नियमांच्या विरोधात नाही. उत्सर्जन उतरवणे हे वादळाशी चाललेल्या झगड्याचाच भाग आहे. फक्त त्याचे फळ पन्नास वर्षांनी मिळेल, आणि नाळ लाटेला धरून ठेवणाऱ्या कप्तानाला शक्ती आज रात्री लागते. दोन्ही हिशेब एकाच कायद्यात बसवायला निर्देशांकाच्या त्या मतदानापासून दहा वर्षे लागली. 'एफ-डब्ल्यू'ची किंमत मात्र अजून एकच आहे.